मीठ विरघळताना बंध तुटतो की सुटतो?

कुळीथपिठी: भाचीच्या विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता मराठीत करतेय. 'मीठ पाण्यात विरघळताना आयनिक बंध तुटतात' असं लिहिलं होतं. भावोजींनी खोडून 'सुटतात' केलं. म्हणे, तुटलेलं सांधावं लागतं, मीठ तर पाणी आटलं की आपसूक परत येतं. काय ठेवू?

मालवणी मास्तर: तुटतात. पुस्तकात तेच आहे. मिठाच्या स्फटिकात सोडियम हा धन आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, आणि क्लोराइड ऋण आयन; प्रत्येक सोडियमला 6 क्लोराइड वेढून असतात आणि प्रत्येक क्लोराइडला 6 सोडियम. धन-ऋणाची ओढ एवढी की नुसत्या उष्णतेने त्यांना सोडवायचं तर 801 अंश सेल्सिअस लागतात.

होडीवाला: बघा, 'सोडवायचं' तुम्हीच म्हणालात! दोर तुटणं आणि दोर सुटणं यातला फरक नांगर टाकून झोपणाऱ्याला विचारा. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. पहिली सोडियमकडे, दुसरी क्लोराइडकडे करून हे रेणू कडेचा एकेक आयन काढून नेतात. ही सोडवणूकच झाली.

रत्नांग्रीची सून: 'तुटतो' म्हटलं की पोरांना वाटतं, ऊर्जा बाहेर पडते. आहे उलटं. हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे, म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक संख्येमागे, 436 किलोजूल मोजावे लागतात, जुळताना तेवढेच बाहेर पडतात. म्हणून मी वर्गात 'तोडावा लागतो' असंच म्हणते. मिठाचे आयन सुटे करायला लागलेली ऊर्जा, पाणी त्यांना वेढतं तेव्हा जवळजवळ सगळी वळती होते. पेला जेमतेम गार होतो.

मालवणी मास्तर: मग साखरेचं काय कराल? तिचे रेणू अख्खेच पाण्यात जातात. आतले अणूअणूंमधले सहसंयुज बंध जागच्या जागी, सुटतात ते रेणूरेणूंमधले हायड्रोजन बंध, म्हणजे एकाच्या हायड्रोजनची दुसऱ्याच्या ऑक्सिजनशी असलेली ओढ. दोन्हीकडे एकच क्रियापद लावलंत तर पोरं परीक्षेत आपटणार.

तांबडीमाती: 'सहसंयुज' ज्याने घडवला त्याने तो सातवीतल्या पोराकडून एकदा वाचून घ्यायला हवा होता. 1916 मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लुईसने मांडलं काय, तर दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून वापरतात. 'सामाईक बंध' म्हणा की! सातबारावर दहा नावं असलेल्या कोकणातल्या घराला वेगळं समजवावं लागणार नाही.

मालवणी मास्तर: आणि हिस्सा सारखा नसतो हेही. पाण्यात ऑक्सिजन ती जोडी स्वतःकडेच ओढून बसतो. पण परिभाषा अशी रोज बदलत नाहीत, मुलं पुढे विद्यापीठात जातात.

तांबडीमाती: विद्यापीठात जाऊन इंग्रजीतच शिकतात.

कुळीथपिठी: अहो, तक्ता सोमवारी द्यायचाय.

होडीवाला: मला वाटतं 'विरघळणे' हा 'विरणे'मधूनच आला असावा. धोतर विरतं, तसं.

रत्नांग्रीची सून: मग 'घळ' कुठून आला? असली व्युत्पत्ती माझे सासरेही जेवताना काढतात.

तांबडीमाती: पावसात बरणीतल्या खड्या मिठाक पाणी सुटता, त्या 'सुटण्या'चं काय?

होडीवाला: ते आगरातल्या मिठात राहून गेलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडचं काम, हवेतली ओल खेचतं. पाणी बाहेरून येतं, मिठातून सुटत नाहीच. बोलण्याची रीतच चुकीची.

मालवणी मास्तर: सूर्य उगवतो म्हणायचं सोडलंत काय?

रत्नांग्रीची सून: शिवाय तिथे सुटणारं पाणी आहे, बंध नव्हे. कर्ता बघा आधी.