विंडोजवर लिनक्स मारून दे

बारावी गल्ली :
मंडळी, एका ‘वर’नं माझा घात केला. लॅपटॉप जुना, विंडोज १० वाला. त्याची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नातीचं काम विंडोजवरच चालतं, म्हणून ते ठेवायचं आणि सोबत लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली, घ्यायचं असं ठरवलं. दुकानातल्या पोराला सांगितलं, “भावा, विंडोजवर लिनक्स मारून दे.” संध्याकाळी गेलो तर लिनक्स झकास चालू आणि विंडोजचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणतो, “काका, तुम्हीच म्हणालासा की, विंडोजवर मार म्हणून.”
माझा ‘वर’ म्हणजे ‘शिवाय’. पगार घेतला आणि वर बोनसही घेतला, त्यातला. त्याचा ‘वर’ म्हणजे जुन्या भिंतीवर नवा रंग. चूक कुणाची? आणि ‘ड्युअल बूट’ला, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन्ही ठेवून चालू करताना एक निवडण्याला, असा कुठला मराठी शब्द आहे, जो दुकानात चालेल? ‘द्वि-प्रारंभ’ वगैरे नको, पोरगं मला दवाखान्यात पाठवेल.

उद्यमनगरचा लेथ :
चूक तुमची. आमच्याकडं रंग मारतात, ग्रीस मारतात, वेल्डिंग मारतात, सही आणि शिक्काही मारतात. ‘विंडोज मारणे’ याचा दुकानातला अर्थ ठरलेला आहे : डिस्क साफ करून नवं घालणे. ‘फॉरमॅट मारणे’ याचं ते सख्खं भावंड. पोरानं धंद्याची भाषा पाळली.
शब्द म्हणाल तर ‘चेंजओव्हर’. लाईट गेली की खटका ओढून लोड जनरेटरवर घेतो ना, तेच. लोड एका वेळी एकाच बाजूला. लॅपटॉप चालू करताना ग्रब नावाची यादी येते, तो खटका समजा. थोडे सेकंद वाट बघते, तुम्ही काही निवडलं नाही तर ठरलेलं नाव आपणच उचलते.

शब्दवेडी :
‘मारणे’ सोडा, ‘टाकणे’ त्याहून बेभरवशाचं. चहात साखर टाकतो ती आत जाते, कचरा टाकतो तो बाहेर जातो. पोल्ट्री टाकली म्हणजे सुरू केली, बायको टाकली म्हणजे सोडून दिली. मागं ‘देणे’ लागलं की धोका वाढतो. ‘लिनक्स टाक’ इथवर ठीक, पण ‘विंडोज टाकून दे’ याचा अर्थ बसवून दे की फेकून दे, हे फक्त सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळेल.
माझं मत ‘बसवणे’ला. गणपती बसवतात, दात बसवतात, विहिरीवर मोटर बसवतात. फक्त ‘बसणे’पासून सांभाळून. घसा बसतो, भिंत बसते, इंजिन बसतं ते कायमचंच. “लिनक्स बसलं” असं फोनवर सांगितलंत तर घरचे घाबरतील. ‘बसवलं’ म्हणा.

उसातला माणूस :
नाव शोधताना ‘दुबार’कडं जाऊ नका. दुबार पेरणी म्हणजे पहिली वाया गेली, बारावी गल्लीवाल्यांचं झालं तसं. कुणी ‘आंतरपीक’ सुचवेल, तेही नको. उसात भुईमूग घेतला तर दोन्ही एकाच वेळी रानात उभी असतात. ते वर्णन व्हर्च्युअल मशीनला लागू पडतं : विंडोज चालू, त्याच्या पोटात एका खिडकीत लिनक्स, खत-पाणी दोघांत वाटून. रॅम चार जीबी असेल तर दोन्ही पिवळी पडतात. तुम्हाला पाहिजे ती दुपिकी जमीन. रान तेच, आज हे पीक, उद्या ते.
पार्टिशनला, म्हणजे डिस्कचे हिस्से पाडण्याला, ‘विभाजन’ लिहितात, ‘फाळणी’ म्हटलं की १९४७ आठवतं. साधी ‘वाटणी’ म्हणा की. आधी विंडोजमध्ये शिरूनच त्याचा हिस्सा आकसून घ्यायचा, मोकळी जागा तशीच ठेवायची, मग लिनक्स त्या पडीक तुकड्यात बसवायचं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, लावलेलं असेल तर त्याआधी ती ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घ्या, नंतर ऐनवेळी मागितली जाते. पार्टिशन टेबल म्हणजे सातबारा. जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य हिस्सेदार चारच, नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ पर्यंत धरतं. नुसता सातबारा फाटला तर माती जाग्यावरच असते, जाणकार माणूस फायली परत काढतो. पण एसएसडीवर, म्हणजे चिपवाल्या डिस्कवर, फॉरमॅट झालं की ट्रिमनं, म्हणजे मोकळी झालेली जागा पुसायच्या सोयीनं, मातीही उचलली जाते. तुमची डिस्क कुठली होती?

बारावी गल्ली :
एसएसडी. माती गेली. फोटो पेन ड्राइव्हवर होते म्हणून वाचलो.

कापशी चप्पल :
‘बूट’ म्हटलं की सगळे हसतात, पण तो पायातलाच. उंच बुटाला टाचेशी ओढायचा पट्टा असतो, बूटस्ट्रॅप. तो धरून स्वतःलाच वर उचलायचं, अशी अशक्य कल्पना. कॉम्प्युटर रोज तेच करतो : छोटा प्रोग्राम जागा होतो आणि मोठ्याला ओढून उठवतो. आपल्या कोल्हापुरीला अंगठा आहे, कान आहेत, वेणी आहे, पण टाचेला काही नाही. म्हणून आपल्याकडं शब्द झाला नाही, असं माझं खासगी संशोधन.
एक क्रियापद राहिलं : ‘बंद करणे’. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज शट डाउन करूनही पूर्ण बंद होत नाही. गाभा डिस्कवर लिहून अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून त्याचा ड्राइव्ह उघडला की फक्त वाचता येतो, लिहू देत नाही. दार नुसतं लोटून घेतलेलं, आतला माणूस जागाच. ते फास्ट स्टार्टअप आधी काढा. रीस्टार्ट केलं तर मात्र खरंच बंद होऊन उठतं. नाव उलटं, काम सुलटं.

बारावी गल्ली :
काल त्याच दुकानात गेलो. विंडोज परत घालून घेतलं, वाटणी घरी बसून स्वतः केली, आणि मग पोराला शब्द तोलून म्हणालो, “विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून दे. विंडोजला हात लावू नको.” तो म्हणाला, “म्हणजे ड्युअल करायचंय. तसं सांगायचं की मग!”
चालू आहे आता दोन्ही. फक्त लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ साडेपाच तास मागं. सकाळी साडेदहाला पाच वाजलेले दिसले, नात खुश झाली आणि परत झोपली.

उद्यमनगरचा लेथ :
लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच आपली स्थानिक समजून दाखवतं. लिनक्सला सांगा, घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव म्हणून. टाइमडेटसीटीएल नावाची आज्ञा आहे, तिच्यात ‘सेट लोकल आरटीसी’ला १ द्या.

शब्दवेडी :
वेळ ‘लावा’ म्हणा. घड्याळ मारू नका.