स्विंडनची एम३ सीएसएल गोव्यात आणता येईल का?

म्हापसेकर:
नमस्कार मंडळी, माझा मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला असतो, त्याच्या ओळखीतला एक म्हातारा आपली २००३ ची बीएमडब्ल्यू एम३ सीएसएल विकतोय, काळी, राईट हँड ड्राईव्ह. शाळेत असताना ह्या गाडीचा फोटो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, अजून आहे तिथं, त्यामुळे दोन रात्री झोप नाही. ही एम३ ची हलकी केलेली खास आवृत्ती, पण त्याच पिढीच्या (ई४६) साध्या एम३ पेक्षा एवढी महाग का आणि गोव्याचा नंबर पडेल का? चोर्ला घाटात एकदा पहाटे न्यायचीय बस.

फोंड्याचा गाडीवाला:
नंबर नाही पडणार रे. तीन वर्षांपेक्षा जुनी सेकंडहँड गाडी आपल्याकडे आयात करता येत नाही, ५० वर्षं झाली की विंटेज म्हणून येते, म्हणजे २०५३. भाऊ परदेशी पासपोर्टवाला आणि राहतो तिकडेच, तर गाडी त्याच्या नावावर घेऊन कार्नेवर, म्हणजे गाडी ड्युटी न भरता तात्पुरती आणायच्या कस्टमच्या कागदावर, सहा महिन्यांपुरती आणायची वाट आहे, पण परत न्यावीच लागते. कस्टमच्या माणसाशी आधी नीट बोलून घ्या.

डिचोलीकर:
महाग का ते सांगतो. एकूण १३८३ बनल्या, इंग्लंडला त्यातल्या ४२२ गेल्या. छप्पर कार्बन फायबरचं, मागची काच पातळ, डिकीचा तळ तर चक्क पुठ्ठ्यासारख्या जाळीचा, एसी आणि रेडिओ मागितला तरच, असं करत करत ११० किलो कमी केले. ३.२ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, ३६० हॉर्सपॉवर, टर्बो नाही, आणि कार्बनच्या एअरबॉक्समुळे (इंजिनात हवा नेणारा डबा) आत हवा ओढतानाचा जो आवाज येतो ना, तो ऐकला की माणूस किंमत विसरतो. मॅन्युअल गिअर मात्र कुठल्याच सीएसएलला नाही, एसएमजीच, म्हणजे क्लच पेडल नसलेला, क्लच मशीननेच दाबणारा गिअरबॉक्स, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, आज तीच तशीच्या तशी हवी असते.

पण बाब, नकली पण फिरतात, साध्या एम३ ला पार्ट लावून. पुढच्या बंपरला एकाच बाजूला गोल भोक असतं, एअरबॉक्सला हवा द्यायला, पण बंपर विकत मिळतो, म्हणून चॅसी नंबर बीएमडब्ल्यूकडून तपासूनच घ्या. गाडी लिफ्टवर चढवून मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) बोल्ट होतो तिथला पत्रा बघा, ई४६ चा तिथंच फाटतो. इंजिनातलं बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडते तिथलं) कधी बदललं त्याचं बिल मागा. थंडीत तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे खालचा गंज पण बघा. आणि खरं सांगू, घेतलीत तर तिकडेच ठेवा, आपल्या चार महिन्यांच्या पावसात आणि खाऱ्या हवेत ती गाडी बघवणार नाही मला.

म्हापसेकर:
२०५३ वाचून पोटात गोळाच आला. पण तुमचं पटलं, घेतली तर भावाच्या नावावर आणि तिकडेच, मग एखाद्या डिसेंबरात कार्नेवर. त्याला आत्ताच मेसेज टाकलाय, शनिवारी म्हाताऱ्याकडे जाऊन डिकीचा तळ उचलून फोटो पाठवतो म्हणाला, आले की इथं टाकतो.