नेट आणि एलेना: 'प्रेमप्रकरण' नको, मग कोणता शब्द?

'अनचार्टेड' या व्हिडिओ गेमच्या मालिकेतल्या नेथन ऊर्फ नेट ड्रेक आणि एलेना फिशर यांच्या नात्यावर मराठीत टिपण लिहिते आहे. पहिला भाग २००७ चा, चौथा २०१६ चा. एवढ्या काळात दोघं ओळख, ओढ, लग्न, ताटातूट, पुन्हा जवळ येणं अशा सगळ्यातून जातात. या सगळ्याला मिळून एक शब्द हवा आहे. 'प्रेमप्रकरण' लिहिलं आणि लगेच खोडलं. 'प्रकरण' म्हटलं की कुजबूज आली, चोरून भेटणं आलं. 'प्रणय' फार नाटकी. 'प्रेमकथा' लग्नापाशी संपते, आणि मला तर यांची खरी गोष्ट लग्नानंतरचीच वाटते. काय लिहू?

प्रतिसाद:
एका शब्दाचा हट्ट सोडून बघा. मराठीत प्रेमाची श्रीमंती नामांपेक्षा क्रियापदांत जास्त आहे. प्रेम बसतं, जमतं, जुळतं, जडतं. 'त्याचा तिच्यावर जीव जडला' यात कर्ता तो नाही, त्याचा जीव आहे.

पहिल्या भागात पनामाच्या किनाऱ्याजवळ समुद्रातून सोळाव्या शतकातल्या इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकची शवपेटी वर काढतात, एलेना ते कॅमेऱ्यात टिपते, आणि नेट व त्याचा जुना साथीदार सली तिलाच धक्क्यावर सोडून पसार होतात. इथे फार तर 'ओळख'. शेवटी दोघं जवळ येतात तेवढ्यात सली टपकतो. म्हणजे सूत जुळायला लागलं, अजून जुळलं नाही. दुसऱ्या भागात (२००९) एलेना हातबॉम्बच्या स्फोटातून मरता मरता वाचते. बरी झाल्यावर विचारते, मी मरेन अशी किती भीती वाटली, एक ते दहात सांग. तो म्हणतो, चार. त्याच्या त्या 'चार'मध्ये मला जीव जडलेला दिसला. जडणं म्हणजे खडा कोंदणात बसणं, सहज न निघण्यासारखा.

प्रतिसाद:
कोंदणावरून अंगठी आठवली. दोघांचं लग्न खेळात कुठेच दाखवलेलं नाही. तिसऱ्या भागात (२०११) ती येमेनमध्ये भेटते तेव्हा कळतं की लग्नही झालं आणि दोघं वेगळेही झाले. मी खेळत होते, मागे आई मेथी निवडत बसली होती. तिने विचारलं, "फारकत झालीय का यांची?" मला सांगता येईना. मग एलेनाच्या बोटातली अंगठी दिसली आणि आईच म्हणाली, "नाही गं, दुरावा आहे." त्याहून नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. फारकत, काडीमोड हे चार लोकांत होतात. रुसवा संध्याकाळपर्यंत, अबोला दोन-चार दिवस. दुरावा मात्र नातं न मोडता साचत जातो. शेवटी सली नेटला त्याची अंगठी परत देतो.

प्रतिसाद:
'प्रीती' कसा वाटतो?

प्रतिसाद:
कवितेत छान. ही दोघं बंदुका घेऊन कड्याला लोंबकळत असतात, तिथे नको.

मूळ प्रश्नकर्ती:
'दुरावा' घेतला, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. माझं खरं अडलंय चौथ्या भागापाशी. न्यू ऑर्लीन्सच्या घरात दोघं सोफ्यावर जेवतायत. ती आपल्या लेखाबद्दल बोलतेय, त्याची नजर भिंतीवरच्या चित्रात हरवलेली. ती विचारते, मी आत्ता काय सांगत होते? मग भांडी कोण घासणार यावर 'क्रॅश बँडिकूट' या जुन्या व्हिडिओ गेमवर पैज लागते. आणि हाच नेट, मलेशियात कामावर आहे असं तिला सांगून, मेला समजलेल्या भावाबरोबर समुद्री चाचा हेन्री एव्हरीचा खजिना शोधायला जातो. ती त्याला मादागास्करच्या हॉटेलात गाठते. ही 'प्रतारणा' का?

प्रतिसाद:
'प्रतारणा' वाचून तिसऱ्या बाईची शंका येईल. 'थाप' फार हलकी. 'विश्वासघात'मध्ये घात करायचा हेतू येतो, तो त्याच्याकडे नाही. 'त्याने लपवलं आणि ते तिच्या जिव्हारी लागलं' असं लिहा. नख जास्त खोल कापलं की दुखते ती जिव्हाळी. जिव्हार, जिव्हाळी, जिव्हाळा, तिन्हींत जीव आहे. तिला जिव्हाळा होता म्हणूनच जिव्हारी लागलं, हे वाचकाला न सांगता पोचेल.

आणि तुमचा मूळ शब्द तुमच्याच प्रतिसादात आहे. सोफा, जेवण, भांडी: 'संसार'. हिंदीत संसार म्हणजे जग, आपल्याकडे त्यात स्वयंपाकघरही येतं. संसार मांडतात, थाटतात, रेटतात, मोडतात, सावरतात. हॉटेलातून रागाने निघून गेलेली एलेना परत येते, नेटला वाचवते आणि त्याच्याकडून त्याच्या लहानपणाची सगळी हकीकत ऐकून घेते, तिथे 'सावरतात' चपखल बसतं.

मूळ प्रश्नकर्ती:
पहिल्या दोन भागांना 'संसार' कसं म्हणू, असं आधी वाटलं. पण शीर्षक 'संसार' ठेवून चार भागांना चार क्रियापदं देता येतील: जुळू लागला, जडला, दुरावला, सावरला. 'दुरावला' जरा ओढून आणल्यासारखा वाटतो, तरी राहू दे.

एक शेवटचं. पहिल्या भागाच्या शेवटी एलेना नेटला आठवण करून देते, तू मला एक गोष्ट सांगायचं देणं लागतोस. चौथ्याच्या शेवटी त्यांची मुलगी कॅसी कपाट उघडते, जुने फोटो बघते, आणि आता ती गोष्ट तिला सांगायची असं आईबाप ठरवतात. तिथे 'उलगडून सांगणं' की 'सांगून टाकणं'?

प्रतिसाद:
सांगून टाकणं. इतकी वर्षं कपाटात होती ना?