मानेत गेलेल्या कॅन्सरला काय म्हणायचं?

हरिपुरी: मिरजेतल्या एका दवाखान्यासाठी तोंडाच्या कॅन्सरचं माहितीपत्रक मराठीत करतोय. 'मेटास्टॅसिस'पाशी गाडं अडलंय. 'प्रसार' लिहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, "प्रसार शिक्षणाचा होतो." 'पसरणे' लिहिलं, तर डॉक्टरीणबाई नको म्हणतात. तुकडा तपासायला काढायचा म्हटलं की नातेवाईक आधीच "लोखंड लागलं की पसरतो" म्हणून पेशंटला घरी नेतात. शिवाय गालातला कॅन्सर जबड्यात घुसतो तेही पसरणंच. पेशी सुटून मानेतल्या गाठीत जाऊन बसते, त्याला वेगळा शब्द हवाय.

काळी माती, तासगाव: रानात या की! हरळी पेराला पेर धरून सरकते. गाजरगवताचं बी वाऱ्यानं बांधापलीकडं जाऊन रुजतं. तुम्हाला हवंय ते हे गाजरगवताचं. 'दूररुजवण' म्हणा.

वाईकर: सुश्रुतसंहितेत 'अध्यर्बुद' आहे. घरात असताना उसनं कशाला?

स्लाइडवाला: अध्यर्बुद म्हणजे आधीच्या अर्बुदावर, म्हणजे गाठीवर, उगवलेलं दुसरं. मानेतलं नव्हे. तासगावकरांचं पटलं, 1889 साली स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जननंही बी आणि मातीचीच उपमा दिली होती. पण रुजणं शेवटी येतं. आधी पेशी घर सोडते. शेजारणीला धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन कमी होतं, फरशीसारखी बसलेली पेशी लांबुडकी होते, एन्झाइमांनी खालचा पडदा विरघळवते आणि लसीकावाहिनीत, म्हणजे लसीका (लिम्फ) हा द्रव वाहणाऱ्या नळीत, शिरते. व्हीईजीएफ-सी नावाचं प्रथिन तर तिथं नव्या लसीकावाहिन्या फुटायला लावतं.

अजिंक्यतारा: घर सोडते ना? मग 'परागंदा'!

वाईकर: पर + गंध, म्हणजे परक्या वासामागे गेलेला. शब्द सुंदर, पण इथे ललित वाटतो.

अजिंक्यतारा: गंधबिंध काही नाही. फारसीत 'परागंदा' म्हणजेच विखुरलेला.

वाईकर: फारसी? मग तर नकोच.

अजिंक्यतारा: मिनिटापूर्वी सुंदर होता!

कोरेगावची काकू: परागंदा म्हटलं की कर्जापायी गाव सोडलेला माणूस दिसतो. त्याची कीव येते, ह्या मेल्या पेशीची कशाला? आमची आजी मिश्री लावायची. कानाखाली गाठ आली तर म्हणाली, "अवधाण आलंय, दात किडलाय ना." हळदीचा लेप लावून चार महिने काढले. पदर गळ्यापर्यंत ओढून बसायची, गाठ दिसू नये म्हणून. दात पाडला तरी गाठ तशीच.

काळी माती, तासगाव: अवधाण जांघेत येतं. पायाला काटा लागल्यावर.

कोरेगावची काकू: काखेतपण येतं, मानेतपण.

स्लाइडवाला: लसीकाग्रंथी, म्हणजे लसीकावाहिन्यांवरच्या गाठी, तिन्हीकडं असतात, काकू बरोबर आहेत. पण जखमेचं अवधाण ठणकतं, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणूनच राहून जाते. हरिपुरी, पत्रकात हे घाला, शब्द कुठलाही असो.

हरिपुरी: घालतो. 'दुखत नसलेलं अवधाण' लिहिलं तर कळेल का?

काळी माती, तासगाव: न दुखणारं अवधाण कसलं? आणि आमच्याकडं त्याला 'वेळ' म्हणतात.

कोरेगावची काकू: 'वेळ' तर आमच्याकडं कुणी म्हणत नाही!