शाल्के 04, मोसम 2020-21: आकडे जुळवताना अडलोय, आणि नेमकं चुकलं कुठे?

कॉर्नरफ्लॅग

शाल्के या जर्मन फुटबॉल क्लबच्या त्या मोसमाचं एक सविस्तर टिपण करतोय. चार ठिकाणी अडलोय.

1. "30 सामने विजय नाही" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण नोव्हेंबर 2020 मध्ये त्यांनी श्वाइनफुर्टला 4-1 हरवलेलं दिसतं. मग 30 कसे?
2. कोच किती झाले? कुठे चार लिहिलेत, कुठे पाच. प्रत्येकाच्या वाट्याला किती सामने आणि किती गुण आले, ते कुठे एकत्र मिळत नाही.
3. पैशांची तंगी फक्त कोरोनामुळे आली का?
4. जानेवारीत एवढी अनुभवी नावं आणूनही काहीच का हाललं नाही?

शेवटचा तक्ता माझ्याकडे आहे: 34 सामने, 3 विजय, 7 बरोबरी, 24 पराभव, गोल 25-86, गुण 16, क्रमांक 18. तेवढं पुन्हा नको.

---

गोलफरक

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

30 हा आकडा फक्त बुंडेसलिगाचा, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या विभागाच्या लीगचा आहे, जर्मन कपचे सामने त्यात धरत नाहीत. श्वाइनफुर्टविरुद्धचा विजय कपमधला. 22 डिसेंबरला उल्मला 3-1 हरवलं, तोही कपमधलाच. शिवाय ही मालिका दोन मोसमांत विभागलेली आहे. 17 जानेवारी 2020 ला ग्लाडबाखला 2-0 हरवलं, तो शेवटचा लीग विजय. तिथून 2019-20 मधले उरलेले 16 सामने (6 बरोबरी, 10 पराभव) आणि 2020-21 मधले पहिले 14 (4 बरोबरी, 10 पराभव). बेरीज 30. बरेच जण फक्त 2020-21 मध्ये शोधतात आणि मग आकडा जुळत नाही.

लीगमध्ये विजयाविना राहण्याचा विक्रम टास्मानिया बर्लिन या क्लबचा, 1965-66 मधला, 31 सामन्यांचा. तो मात्र एकाच मोसमातला. शाल्के एका सामन्याने वाचलं. 9 जानेवारी 2021, होफेनहाइमविरुद्ध 4-0. मॅथ्यू होपे, वय 19, हॅटट्रिक. तिन्ही गोलांचे पास अमीन हारितचे आणि चौथा गोल त्याचा स्वतःचा.

कोचचा हिशोब असा:

दाविद वाग्नर: 2 सामने, 0 गुण (बायर्न 0-8, ब्रेमेन 1-3). 27 सप्टेंबरला हकालपट्टी.
मानुएल बाउम: 10 सामने, 4 बरोबरी, 4 गुण.
हूब स्टेव्हन्स: लीगचा 1 सामना (बिलेफेल्ड 0-1), 0 गुण. उल्मचा कप सामना त्यांच्याच काळातला.
क्रिस्टियान ग्रोस: 10 सामने, 1 विजय, 2 बरोबरी, 5 गुण.
दिमित्रिओस ग्रामोझिस: 11 सामने, 2 विजय, 1 बरोबरी, 7 गुण.

0+4+0+5+7 = 16. स्टेव्हन्स हंगामी होते म्हणून काही जण त्यांना मोजत नाहीत, त्यातून चार-पाचचा घोळ होतो. ग्रोस यांच्या नावावर काही ठिकाणी 11 सामने दिसतील, त्यातला एक वोल्फ्सबुर्गविरुद्धचा कप सामना आहे.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. यादी तारखेने लावताय की फेरीने, ते आधी ठरवा. हेर्था संघ क्वारंटाइनमध्ये गेल्यामुळे 31 व्या फेरीचा शाल्के-हेर्था सामना 12 मे ला झाला, म्हणजे 32 व्या फेरीतल्या होफेनहाइम सामन्यानंतर (8 मे). धावती बेरीज करताना माणूस इथे हमखास चुकतो.

---

मधलीफळी

"नेमकं चुकलं कुठे" हा प्रश्न तुम्ही 2020-21 ला विचारताय, पण उत्तर त्या मोसमात नाही. पहिल्याच सामन्याची गोल करणाऱ्यांची यादी काढा. 18 सप्टेंबर 2020, बायर्न 8, शाल्के 0. ग्नाब्रीचे तीन, लेवांडोव्स्की, म्युलर आणि मुसियालाचा एकेक. उरलेले दोन? लिओन गोरेट्स्का आणि लेरॉय साने. दोघेही आधी शाल्केचे. गोलमध्ये मानुएल नॉयर, तोही शाल्केच्याच अकादमीतला, आणि त्याचा राखीव म्हणून त्याच उन्हाळ्यात बायर्नने नेलेला अलेक्झांडर न्यूबेल, 2019-20 मधला शाल्केचा गोलरक्षक.

यातले नॉयर (2011) आणि साने (2016, मँचेस्टर सिटीला, सुमारे 5 कोटी युरो) निदान पैसे देऊन गेले. बाकीचे फुकट. करार संपेपर्यंत क्लब बोलणी करत बसला आणि खेळाडू एक युरोही न देता निघून गेले. क्रम पाहा: योएल माटिप 2016 (लिव्हरपूल), सेआद कोलाशिनाच 2017 (आर्सेनल), गोरेट्स्का आणि माक्स मायर 2018 (बायर्न, क्रिस्टल पॅलेस), न्यूबेल 2020. पाच वर्षांत पाच. एखादा सुटला तर समजू शकतो, पण दर उन्हाळ्याला तेच होत असेल तर ती कामाची पद्धतच झाली.

हे इतकं महाग का पडतं, तर अकादमीतला खेळाडू विकला की येणारी जवळजवळ सगळी रक्कम निव्वळ नफा असते, कारण त्याला विकत घ्यायला काही मोजलेलं नसतं. तो फुकट गेला की त्याची जागा भरायला बाजारातून पैसे देऊन माणूस आणावा लागतो, त्याला पगारही जास्त द्यावा लागतो आणि तो नाही चालला तर वरचा पगार देणारा गिऱ्हाईक मिळत नाही. मग त्याला लोनवर (तात्पुरता दुसऱ्या क्लबकडे) पाठवायचं आणि पगाराचा काही वाटा आपणच भरायचा. सेबास्टियन रूडी हे उदाहरण: 2018 मध्ये बायर्नकडून विकत घेतला, वर्षभरात होफेनहाइमला लोनवर.

2020 च्या उन्हाळ्यापर्यंत खरेदीला पैसेच उरले नाहीत. रोनोव्ह आणि पासिएन्सिया फ्रांकफुर्टकडून लोनवर, लुडेविग साल्झबुर्गकडून लोनवर, इबिशेविच करारमुक्त. उलट वेस्टन मॅकेनी, मधल्या फळीत सगळ्यात जास्त पळणारा, युव्हेंटसला गेला. 0-8 मध्ये मधून रस्ता का मोकळा होता त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

---

कॉर्नरफ्लॅग

गोलफरक, कोचचा तक्ता थेट उचलतो, आभार. मधलीफळी, करारांचं पटलं, पण एक शंका. जानेवारी 2020 ला हाच संघ पहिल्या पाचात होता ना? करार त्याआधीच सुटलेले होते. मग तो कसा काय खेळत होता?

---

गोलफरक

बरोबर हेरलंत. 2019-20 मध्ये 17 सामन्यांनंतर 30 गुण होते. ग्लाडबाखनंतर 33. मोसम संपला तेव्हा 39, क्रमांक 12. म्हणजे शेवटच्या 16 सामन्यांत 6 गुण. पहिल्या अर्ध्यातले गुण गाठीशी नसते तर रेलिगेशन (खालच्या विभागात घसरण) एक वर्ष आधीच दारात आलं असतं. ती घसरण लॉकडाउनच्या आधी सुरू झाली होती, हेही नोंदवा. मे महिन्यात लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिलाच सामना डॉर्टमुंडविरुद्ध 0-4, पण त्याआधीही सात सामने विजय नव्हताच. तरीही तोच कोच ठेवून पुढचा मोसम सुरू केला आणि दोन सामन्यांत काढला. उन्हाळ्याची तयारी ज्याच्या हाती दिली त्यालाच दुसऱ्या फेरीनंतर काढायचं, यात बाउमकडे पहिल्या सामन्यापूर्वी राहिले तीन दिवस (नेमणूक 30 सप्टेंबर, लाइपझिग 3 ऑक्टोबर, 0-4). ग्रोस यांची तीच गत. 27 डिसेंबरला आले, 2 जानेवारीला हेर्थाविरुद्ध मैदानात, 0-3. त्या वर्षी हिवाळी सुट्टी जवळपास नव्हतीच.

---

निळापांढरा

माझा मधलीफळी यांच्याशी थोडा मतभेद आहे. करार महत्त्वाचे आहेतच, पण संघ 12 वा येणं आणि 16 गुणांवर थांबणं यात फरक आहे. सोळाव्या कोल्नचे 33 गुण होते, म्हणजे विभागात टिकायची शेवटची संधी देणारी प्लेऑफची जागासुद्धा 17 गुण लांब. तो फरक ड्रेसिंग रूममध्ये पडला.

24 नोव्हेंबर 2020 या एका दिवसाच्या घोषणा पाहा: नबील बेंतालेब आणि हारित यांना संघाच्या सरावातून बाजूला काढलं, इबिशेविचचा करार वर्षअखेर संपवायचं ठरलं आणि तांत्रिक संचालक मिखाएल रेश्के यांनी क्लब सोडला. शिस्त लावायची म्हणून मधल्या फळीतले दोन सर्जक खेळाडू एकदम बाहेर. त्यातलाच हारित परत आला आणि होफेनहाइमविरुद्ध काय केलं ते वर आलंच आहे. शिस्तीचा बडगा उगारू नये असं नाही, पण संघात गोल तयार करणारे किती उरतात ते आधी मोजावं. पहिल्या 14 सामन्यांत गोल किती? 8. खाल्ले 39.

चौथ्या प्रश्नाकडे येतो. कोलाशिनाच आर्सेनलकडून लोनवर, क्लास-यान हुंटेलार आयाक्सहून, श्कोद्रान मुस्ताफी आर्सेनलहून. त्याच वेळी ओझान काबाक, संघातला सगळ्यात होतकरू बचावपटू, 1 फेब्रुवारीला लिव्हरपूलला लोनवर गेला. म्हणजे मुस्ताफी भर घालायला आला नव्हता, काबाकची जागा भरायला आला होता, आणि तोही आर्सेनलमध्ये अर्धा मोसम जवळपास बाकावर बसून. हुंटेलार 37 वर्षांचा, पोटरी दुखावली आणि पहिले कित्येक आठवडे बाहेर. सामन्यांची सवय मोडलेले खेळाडू तळाच्या संघाने जानेवारीत आणले की लयीत येईपर्यंत मार्च उजाडतो. इथे मार्चपर्यंत सगळं आटोपलं होतं: 23 फेऱ्यांनंतर 9 गुण. डॉर्टमुंड 0-4 आणि श्टुटगार्ट 1-5 हे लागोपाठचे सामने, आणि 28 फेब्रुवारीला ग्रोस, क्रीडा संचालक योखेन श्नायडर आणि इतर काही जण एकदम बाहेर.

अख्ख्या मोसमात बाहेरच्या मैदानावर एकही विजय नाही, हेही टिपणात घाला. तिन्ही विजय घरचे: होफेनहाइम 4-0, आउग्सबुर्ग 1-0, फ्रांकफुर्ट 4-3. आणि घरचं मैदान म्हणजे 62 हजारांचं फेल्टिन्स-अरेना, पण रिकामं. शाल्केसारख्या संघाला त्या आवाजाचा जेवढा आधार असतो तेवढा फार थोड्यांना असतो. हे मात्र आकड्यात मांडता येणार नाही.

---

मधलीफळी

मतभेद मान्य. पण ड्रेसिंग रूममध्ये एवढे लोनवरचे आणि करार संपत आलेले खेळाडू का होते, तर पुन्हा पैशाकडेच यावं लागतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

कोरोनाने फटका दिला, पण भिंत आधीच पोखरलेली होती. 2019 च्या अखेरीस, म्हणजे कोरोनाच्या आधी, देणी सुमारे 19.8 कोटी युरो. 2020 च्या अखेरीस सुमारे 21.7 कोटी. मूळ दुखणं असं की पगार चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) गृहीत धरून ठरवलेले. 2017-18 मध्ये कोच टेडेस्कोच्या हाताखाली दुसरा क्रमांक आला, 2018-19 मध्ये चॅम्पियन्स लीग मिळाली (तिथे सिटीकडून दोन सामन्यांत मिळून 2-10), पण त्याच मोसमात लीगमध्ये 14 वा क्रमांक. तिथून युरोपचं उत्पन्न बंद, करार मात्र चालूच.

दुसरी गोष्ट क्लबच्या रचनेची. जर्मनीतल्या बहुतेक मोठ्या क्लबांनी व्यावसायिक फुटबॉल वेगळ्या कंपनीत काढला आहे, म्हणजे 50+1 नियम (मतांचं बहुमत क्लबच्या सदस्यांकडेच) पाळून काही हिस्सा गुंतवणूकदाराला विकता येतो. शाल्केचा व्यावसायिक संघ नोंदणीकृत सदस्य-संस्थेतच राहिला, सदस्य दीड लाखांहून जास्त. चाहत्यांना त्याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण विकायला हिस्साच नसल्यामुळे अडचणीच्या वेळी कर्ज आणि बाँड एवढेच मार्ग उरतात. 2020 मध्ये नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याची कर्जहमी घ्यावी लागली. पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष क्लेमेन्स टोनिएस, 2001 पासून सूत्रं हाती असलेले, 30 जून 2020 ला पायउतार झाले आणि अडीअडचणीला क्लबला पैसे उभे करून देणारा माणूसही गेला.

तळाला गेल्यावर काय काय विकलं त्यात एक अनपेक्षित ओळ सापडेल: लीग ऑफ लेजेंड्सच्या युरोपीय लीगमधली जागा, 2.65 कोटी युरो. व्हिडिओ गेमच्या संघाची जागा बहुतेक फुटबॉलपटूंपेक्षा महाग गेली.

---

ऑफसाइड

एवढं सगळं लिहिलंत आणि टास्मानियाचा तक्ता कोणीच दिला नाही. 2 विजय, 4 बरोबरी, 28 पराभव, गोल 15-108. 8 गुण तेव्हाच्या विजयाला दोन गुण या पद्धतीने. आजच्या पद्धतीने 10. शाल्केच्या 16 शी तुलना करायची तर 10 घ्या, 8 नको.

आणि प्रेक्षकसंख्येची तुलना टाळा. टास्मानियाच्या नावावर 827 प्रेक्षकांचा नीचांक सांगतात, तो दारं उघडी असतानाचा. 2020-21 चे जवळजवळ सगळे सामने बंद दारांचे होते.

---

कॉर्नरफ्लॅग

10 घेतो. शेवटचं एक: रेलिगेशनची तारीख 20 एप्रिल बरोबर ना? आणि तेव्हा गुण किती होते?

---

गोलफरक

हो, 20 एप्रिल 2021, 30 वी फेरी, बिलेफेल्डकडून 0-1. तेव्हा 13 गुण, चार सामने बाकी. त्या रात्री संघ गेल्सेनकिर्शेनला परतल्यावर काही चाहत्यांनी खेळाडूंवर अंडी फेकली, त्यांचा पाठलाग केला, पोलीस आले. उरलेले 3 गुण फ्रांकफुर्टविरुद्धच्या 4-3 चे.

पुढचा मोसम जोडणार असाल तर: दुसऱ्या विभागात पहिला क्रमांक, 65 गुण, सिमोन टेरोडेचे 30 गोल. ग्रामोझिस यांना मार्च 2022 मध्ये काढून माइक ब्युस्केन्स यांना हंगामी नेमलं. 7 मे 2022 ला सांक्ट पाउलीविरुद्ध 0-2 वरून 3-2, प्रेक्षकांनी भरलेल्या मैदानात.