सल्ला हवा: फाईलमधून फाईलमध्ये कॉपी करणारा सिस्टीम कॉल कसा बेतावा?

विश्रामबागकर, सांगली
आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एक्सव्ही६ या शिकण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आहे. रीड-राइटच्या लूपमध्ये प्रत्येक बाइट कर्नलमधून (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातून) प्रोग्रामच्या बफरमध्ये येतो आणि तसाच परत आत जातो. ही फेरी वाचवायची आहे. त्यासाठी नवा सिस्टीम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली विनंती) लिहायचा, त्याला दोन्ही फाईलींची नावं द्यायची, अख्खी फाईल कॉपी करायची आणि ० किंवा -१ परत करायचा, असं सध्या ठरतंय. जाणकारांनी सांगावं.

अजिंक्यतारा, सातारा
नावं नकोत, डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाईलचा क्रमांक) घ्या. नाव शोधणं, फाईल उघडणं हे ओपन हा कॉल करतोच, ते पुन्हा कशाला लिहायचं? आणि ०/-१ तर अजिबात नको! डिस्क मध्येच भरली तर किती उतरलं हे प्रोग्रामला कळायलाच हवं. लिनक्समध्ये ४.५ पासून (२०१६) असलेला कॉपी_फाईल_रेंज हा असाच कॉल किती बाइट कॉपी झाले ते सांगतो. आकडा मागितल्यापेक्षा कमी असू शकतो, उरलेल्यासाठी पुन्हा कॉल करायचा. माझ्या मते सगळ्या डिझाइनचा गाभा हाच.

कृष्णाकाठ, सांगली
सहमत. फक्त ० चा अर्थ 'फाईल संपली' एवढाच ठेवा. लिनक्स ५.३ ते ५.१८ मध्ये काही आभासी फाईल सिस्टीमवर हा कॉल काहीच कॉपी न करता यशस्वी झाल्याचं सांगायचा. असा घोळ शोधताना जीव जातो.

विश्रामबागकर
धन्यवाद दादा. लिनक्सच्या एक्सएफएस, बीटीआरएफएस या फाईल सिस्टीमवर कॉपी करताना डेटा न हलवता दोन्ही फाईली तेच ब्लॉक वापरतात, तसं जमेल का?

अजिंक्यतारा
एवढ्यात नको. एक्सव्ही६ मध्ये ब्लॉक वापरात आहे की मोकळा एवढंच बिटमॅपला (डिस्कच्या ब्लॉकांच्या नोंदीला) कळतं; किती फाईली तो वापरतात याची मोजणी आधी बांधावी लागेल.

त्यापेक्षा लॉक सांभाळा. दोन्ही आयनोड (कर्नलमधली प्रत्येक फाईलची नोंद) एकदम लॉक केले, एक प्रोसेस अ मधून ब मध्ये आणि दुसरी ब मधून अ मध्ये कॉपी करायला लागली, की डेडलॉक, म्हणजे दोघी एकमेकींची वाट बघत अडकतात. म्हणून केअलॉक या कर्नलच्या फंक्शनने मेमरीचं एक पान घ्या, स्रोत लॉक करून रीडआयने (फाईल वाचणारं फंक्शन) पान भरा, लॉक सोडा, मग दुसरी फाईल लॉक करून रायटआयने (लिहिणारं फंक्शन) लिहा. दोघांनाही पत्ता कर्नलचा असल्याचं सांगायला ० द्या. एका वेळी ३०७२ बाइटच लिहा. लॉगच्या (डिस्कवरचे बदल आधी नोंदवायची जागा) एका व्यवहारात एक्सव्ही६ चं फाईलराइट हे फंक्शनही १०२४ बाइटचे ३ ब्लॉकच बसवतं.

कृष्णाकाठ
दोन्ही डिस्क्रिप्टर एकाच फाईलचे असतील आणि भाग एकमेकांवर येत असतील, तर सरळ -१ द्या. लिनक्सही तिथे चूकच परत करतो.