शब्दचर्चा : 'इंपॉर्टंट पार्ट'ला दुसरे शब्द, आणि भरितातलं वांगं

भाची जळगावला बारावीला आहे. परवा तिने खान्देशी जेवणावर इंग्रजीत निबंध लिहून मला फोटो पाठवला, त्यात पानभरात 'इंपॉर्टंट पार्ट' सहा वेळा. वांगं भरिताचा इंपॉर्टंट पार्ट, कांद्याची पात इंपॉर्टंट पार्ट, भाकरी इंपॉर्टंट पार्ट, कानबाईला (आपल्या खान्देशात घरोघरी बसवतात ती देवी) नैवेद्याचे रोट इंपॉर्टंट पार्ट. मी म्हटलं अगं शब्द बदल की थोडे, तर म्हणे मामा मोबाईलवर शोधले तर वीस-पंचवीस निघाले, कोणताही टाकला तर चालेल ना? तर नाही चालत, आणि का चालत नाही ते तिला समजावता समजावता माझंच बरंच पक्कं झालं म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात जास्त वापरला जातो तो इंटिग्रल. गणितातला इंटिजर, म्हणजे आपला पूर्णांक, त्याचा सख्खा भाऊ. लॅटिनमधला मूळ अर्थ हात न लागलेला, अख्खा. म्हणजे इंटिग्रल पार्ट तो, जो असला तर वस्तू अख्खी आणि नसला तर अपुरी. आपण त्याला सरसकट 'अविभाज्य घटक' म्हणून मोकळे होतो, पण बघा, अविभाज्य हा शब्द तोडण्याकडे बघतो आणि इंटिग्रल पुरेपणाकडे. बैलगाडीचं चाक काढता येतं, परत घालता येतं, म्हणजे अविभाज्य अजिबात नाही, पण गाडीचा इंटिग्रल पार्ट आहेच. हा फरक शाळेत कोणी सांगितला नव्हता मला.

मग मी तिला एक सोपी युक्ती सांगितली. तो भाग मनातल्या मनात काढून टाक आणि उरतं त्याचं काय होतं ते बघ. भरितातून कांद्याची पात काढली तर भरीत राहतं पण जेवणारा विचारतोच की पात कुठे, ते इंटिग्रल. शेंगदाणे काढले तर कोणी काही बोलणार नाही, ते नुसते इनग्रेडियंट. आणि वांगंच काढलं तर? शेजारी ताई बसली होती, ती लगेच आमच्या आजीच्या अहिराणीत म्हणाली, "वांगंच नही ते कसानं भरीत?" बस, याच्यासाठी इंग्रजीने लॅटिनमधून जसाच्या तसा उचललेला शब्द आहे, सिने क्वा नॉन, म्हणजे 'ज्याच्याविना नाही'. आणि गंमत म्हणजे आपल्या न्यायशास्त्रात हुबेहूब हाच शब्द आहे, अविनाभाव, विना असणं नाही. आगीशिवाय धूर असूच शकत नाही, तो अविनाभाव. इतका नेमका शब्द घरात असून आपण तो वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जळगावच्या नावाने जीआय मानांकन मिळालं, त्याच्यासाठी एवढा भारदस्त शब्द वापरायला काहीच हरकत नाही.

इनग्रेडियंट आणि कॉम्पोनंट यात पण लोक घोटाळा करतात. इनग्रेडियंट म्हणजे मुळात 'आत गेलेलं', आत जाऊन मिसळून गेलेलं. कळण्याच्या भाकरीत ज्वारी, उडीद, मीठ एकत्र दळलं की परत वेगळं करून दाखवा, नाही होणार. कॉम्पोनंट मात्र जोडलेला असतो, पंपाचा सुटा भाग बिघडला की नवीन बसवतो तसा. म्हणून मोटरचे इनग्रेडियंट्स नसतात आणि भाकरीचे कॉम्पोनंट्स नसतात. कॉन्स्टिट्युअंट दोन्हीकडे चालतो पण तो जरा रसायनशास्त्राच्या पुस्तकातला वाटतो, निबंधात नको.

इसेन्शिअलची भानगड वेगळी आहे, गरजेची गोष्ट बाहेरची पण असू शकते. पाऊस कपाशीला इसेन्शिअल आहे पण कपाशीचा भाग नाही, त्यामुळे पाऊस हा कपाशीचा इंटिग्रल पार्ट असं लिहिलं तर चुकलं.

पार्ट अँड पार्सल वर तर भाची हसायलाच लागली, हिवाळ्यात आपल्याकडे भरिताचं पार्सल म्हणजे काय ते सगळ्यांना माहीतय. पण इथे पार्सल म्हणजे पुडकं नाही, लहान भाग, तुकडा. जमिनीच्या तुकड्याला इंग्रजी दस्तात आजही पार्सल म्हणतात. जुन्या कायद्याच्या कागदांत एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी ठेवायची पद्धत होती, आपल्या जमीनजुमलासारखी, त्यातून ही जोडी आली. वापर बघाल तर बहुतेक वेळा जे टळत नाही, सोसावंच लागतं त्याच्यासाठी. मे महिन्यातलं ऊन हे खान्देशात राहण्याचं पार्ट अँड पार्सल, हे बरोबर. वांगं भरिताचं पार्ट अँड पार्सल, हे कानाला खटकतं.

लिंचपिन म्हणजे आसाच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून घातलेली खीळ, एवढीशी असते पण ती पडली की गाडी आडवी. कीस्टोन म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा पाचरीसारखा दगड, तो बसला की बाकीचे दगड एकमेकांना धरून राहतात. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांवरून एका जातीचे तारामासे खरंच काढून टाकून पाहिले, तर शिंपल्यांनी जागा व्यापली आणि बऱ्याच जाती तिथून नाहीशा झाल्या, आणि मग १९६९ मध्ये त्यांनी अशा प्राण्याला कीस्टोन स्पीशीज म्हटलं. भाचीला मी हेच सांगितलं की बघ, काढून बघायची युक्ती शास्त्रज्ञांनी पण केलीय.

भाकरीला स्टेपल. रोजचं मुख्य अन्न या अर्थाने. (कापसाच्या व्यापारातलं स्टेपल वेगळं, ती धाग्याची लांबी, मिलिमीटरमध्ये मोजतात, जिनिंगवाल्यांना विचारा.) कारल्याचा कडूपणा इन्हेरंट, अंगभूत. बॅकबोन म्हणजे कणा, इंग्रजीत पण तेच आणि मराठीत पण तेच, त्यात समजावण्यासारखं काही नाही.

प्रीपोझिशनकडे मात्र लक्ष द्या, मार्क तिथेच जातात. इंटिग्रल टू, इसेन्शिअल टू किंवा फॉर, इन्हेरंट इन, पार्ट अँड पार्सल ऑफ. आणि इंटिग्रलमध्ये टी नंतर ई आणि मग जी, मध्ये आर घुसवून 'इंटरग्रल' लिहिलेलं मी चांगल्या शिकलेल्या लोकांचं पण पाहिलंय.

निबंध आता बरा झालाय. फक्त कानबाईच्या रोटांवर आमचं अडलंय. ती म्हणते इंटिग्रल. मी म्हणतो रोट नाही तर कानबाई बसवली असं आपल्याकडे कोण म्हणेल, तिथे सिने क्वा नॉनच पाहिजे. ताईला विचारलं तर ती म्हणाली दोघं थांबा, रोट म्हणजे कानबाईचा जीवच आहे, आणि या 'जीव'ला इंग्रजीत काय लिहायचं ते आम्हाला तिघांना अजून सापडलेलं नाही. सोल लिहून पाहिलं, नाही बसत. तुमच्याकडे काही असेल तर सांगा, सोमवारी वही द्यायचीय तिला.